शितावरून भाताची परीक्षा

१९ डिसेंबर २०२३ ला दुबईत आयपीएलचा लिलाव झाला. मोठी नावं विकून झाली होती, टीव्हीसमोरची मंडळी जेवायला उठली होती आणि ज्यांना फारसं कोणी ओळखत नाही अशा खेळाडूंची यादी चालू होती. लिलाव पुकारणाऱ्या मल्लिका सागर यांनी ‘शशांक सिंग’ हे नाव घेतलं. मूळ किंमत २० लाख. पंजाब किंग्जच्या टेबलावरून पॅडल वर गेलं, दुसऱ्या कोणी बोली लावली नाही आणि हातोडा पडला. पुढचं नाव पुकारलं गेल्यावर पंजाबच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. आपल्याला हा खेळाडू नको होता, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. पण हातोडा पडला की सौदा पक्का, असा नियम आहे. शशांक पंजाबचा झाला.

दुसऱ्या दिवशी संघाने खुलासा केला की यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू असल्यामुळे गोंधळ झाला, आम्हाला हाच शशांक हवा होता. या खुलाशावर फार कमी लोकांनी विश्वास ठेवला. तेवढ्यात देशभर हसून झालं होतं. एक सामना खेळण्याआधीच शशांकला नवी ओळख मिळाली होती: चुकून घेतलेला खेळाडू.

हा शशांक २१ नोव्हेंबर १९९१ ला भिलाईत जन्मला. मीही भिलाईचा. आमचे आजोबा भंडाऱ्याहून बीएसपीत, म्हणजे भिलाई स्टील प्लांटमध्ये, नोकरीला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, असं आमचं चालतं. मी सहावीपासून वसतिगृहात आहे, त्यामुळे सुट्टीत नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशनं ओलांडून घरी गेलो की पहिल्या दिवशीच गावाच्या सगळ्या बातम्या कळतात. त्या काळात सिव्हिक सेंटरवर आणि सेक्टरमधल्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष होते. एक म्हणायचा, ‘‘गलती से गया है, बेंच पे बैठेगा.’’ दुसरा म्हणायचा, ‘‘अपना लड़का है, देख लेना.’’ गंमत अशी की दोन्ही पक्षांतल्या बहुतेकांनी शशांकला खेळताना पाहिलंच नव्हतं. पहिल्या पक्षाकडे पुरावा म्हणून एक लिलाव होता आणि दुसऱ्याकडे एक जन्मदाखला.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की नव्या खेळाडूबद्दल आपण चाहते जो निकाल देतो, त्यात त्या खेळाडूची माहिती फार थोडी असते. ‘याच्यात दम आहे’ किंवा ‘याच्यात काही नाही’ ही दोन्ही वाक्यं भविष्याबद्दल असतात, आणि भविष्य आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते एखादं षटक. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण मोठ्या आत्मविश्वासाने वापरतो. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात, म्हणजे भाताबद्दल बोलण्याचा आम्हाला थोडा हक्क आहे. आमच्या मेसचे महाराज शीत दाबून बघतात आणि सांगतात, झाला. ते बरोबर सांगतात, कारण पातेल्यातल्या प्रत्येक दाण्याला तेवढंच पाणी आणि तेवढीच आच मिळालेली असते. शिवाय ते शीत काढतात ते झाकण ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. तांदूळ नुकता वैरला असताना शीत दाबून ‘हा भात कच्चा निघाला’ असं जाहीर करणारा आचारी एक दिवससुद्धा टिकणार नाही. क्रिकेटचे चाहते मात्र वर्षानुवर्षं टिकतात.

आता शशांकला नीट बघू. लिलावाच्या वेळी तो ३२ वर्षांचा होता. लोकांनी विचारलं, इतकी वर्षं हा होता कुठे? तो खेळत होता. मुंबईच्या गर्दीत त्याने जागा शोधली आणि २०१५ मध्ये मुंबईकडून खेळला, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. मग पुदुच्चेरी, आणि २०१९ पासून छत्तीसगड. आयपीएलमध्ये आधी दिल्लीच्या आणि मग राजस्थानच्या संघात होता, पण दोन्हीकडे एकही सामना न खेळता डगआउटमध्ये बसला. २०२२ मध्ये हैदराबादने संधी दिली. गुजरातविरुद्ध त्याने शेवटच्या षटकात लॉकी फर्ग्युसनला तीन षटकार मारले आणि ६ चेंडूंत नाबाद २५ धावा केल्या. आठवडाभर कौतुक झालं. पुढच्या वर्षी त्याला कोणीच घेतलं नाही.

आणि लिलावाच्या एक महिना आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, विजय हजारे स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने १५२ धावा केल्या आणि त्याच सामन्यात पाच बळीही घेतले. देशांतर्गत एकदिवसीय सामन्यात दीडशे धावा आणि पाच बळी अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय ठरला. मणिपूरचा संघ दुबळा आहे, हे मान्य. तरी पहिला तो पहिलाच. ज्यांनी लिलावाच्या रात्री ‘हा कोण?’ असं विचारलं, त्यांना हे उत्तर शोधायला दोन मिनिटं लागली असती. हसायला त्याहून कमी वेळ लागतो, म्हणून लोक हसले.

४ एप्रिल २०२४. अहमदाबादला गुजरातने १९९ धावा केल्या. पंजाबचे चार गडी ७० धावांत बाद झाले तेव्हा शशांक मैदानात आला. त्याने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा केल्या आणि पंजाबने एक चेंडू राखून सामना जिंकला. आमच्याकडे दिवे दहाला बंद होतात, त्यामुळे आम्हाला हे कळलं ते सकाळी पीटीनंतर, वाचनालयातल्या पेपरातून. पेपर माझ्या हातात यायला अर्धा तास लागला. त्याच महिन्यात २६ तारखेला कोलकात्याला पंजाबने २६२ धावांचं लक्ष्य गाठलं, तेव्हा जॉनी बेअरस्टोच्या शतकाला साथ देत शशांकने २८ चेंडूंत नाबाद ६८ केल्या. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ३५४ धावा होत्या. पुढच्या मोठ्या लिलावाआधी पंजाबने फक्त दोन खेळाडू आपल्याकडे ठेवले. त्यांतला एक हा, किंमत साडेपाच कोटी.

इथे गोष्ट संपवली तर ती शाळेच्या प्रार्थनेनंतर सांगायला फार छान आहे. नाकारलेला मुलगा जिंकला, टाळ्या. पण मला ती तशी आवडत नाही, कारण तिच्यात चाहते पुन्हा सुटतात. आधी २० लाखांकडे बघून ज्यांनी त्याला कमी ठरवलं, त्यांनीच मग साडेपाच कोटींकडे बघून त्याला मोठा ठरवलं. दोन्ही वेळा त्यांनी भावाची चिठ्ठीच वाचली. खेळ तोच होता.

आमच्याच भागातलं दुसरं उदाहरण तर याहून कडू आहे. हरप्रीत सिंग भाटिया, जन्म दुर्गचा, सालही तेच, १९९१. दुर्ग आणि भिलाई ही दोन शहरं आहेत असं नकाशा म्हणतो, रिक्षावाले म्हणत नाहीत. हरप्रीत २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला, पुण्याच्या संघाकडून आयपीएल खेळलेला, पुढे छत्तीसगडचा कर्णधार झालेला डावखुरा फलंदाज. २०१७ च्या फेब्रुवारीत विभागीय टी-२० स्पर्धेत तो भरात होता आणि २० तारखेला लिलाव होता. त्याच सकाळी मुंबईत एका वेगळ्याच क्रिकेटपटूने आपली गाडी अंधेरी स्टेशनच्या फलाटावर घातली. नाव जवळपास सारखं असल्यामुळे एका वृत्तसंस्थेने बातमीत हरप्रीतचं नाव दिलं. नंतर दुरुस्ती झाली, पण लिलावात हरप्रीतवर कोणी बोली लावली नाही. बोली न लागण्याचं कारण ती बातमीच होती, असं सिद्ध करता येणार नाही. पण ज्या दिवशी आपलं नाव पुकारलं जाणार, त्याच दिवशी ते अशा बातमीत दिसावं, याहून वाईट योग कोणता? त्या हंगामात बंगळुरूने त्याला बदली खेळाडू म्हणून घेतलं. आयपीएलचा सामना मात्र त्याला मिळाला थेट २०२३ मध्ये, आधीच्या सामन्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी. आणि संघ कोणता? पंजाबच.

एकाच वर्षी जन्मलेले, एकाच जोडशहरातले दोन खेळाडू, दोघांच्याही बाबतीत नावाचा घोटाळा. एकाला घोटाळ्याने दार उघडलं, दुसऱ्यावर ते बंद झाल्यासारखं झालं. यात दोघांच्या खेळाचा काय संबंध होता, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

चाहत्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. निकाल दिल्याशिवाय खेळ बघण्यात मजा नाही. टपरीवर उभं राहून कोणी ‘अजून माहिती अपुरी आहे’ असं म्हणू लागला तर लोक त्याला चहासुद्धा पाजणार नाहीत. मीही टीव्ही रूममध्ये गप्प बसत नाही. शिवाय काही जणांना निकाल द्यावाच लागतो. निवड समितीला अकराच निवडायचे असतात, संघमालकाला पैसे मोजायचे असतात. त्यांचा अंदाज चुकला तर त्यांचं नुकसान होतं, म्हणून ते आकडे बघतात, माणसं पाठवतात, जाळ्यात खेळवून पाहतात. चाहत्याचा अंदाज चुकला तर त्याचं काहीच जात नाही. म्हणून तो घाई करू शकतो, आणि त्या घाईचं बिल खेळाडूला येतं.

ते किती मोठं येतं, हे प्रणव धनावडेच्या बाबतीत दिसलं. जानेवारी २०१६, कल्याण, शालेय क्रिकेटची भंडारी चषक स्पर्धा. प्रणवने नाबाद १००९ धावा केल्या. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ मधला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. वडील रिक्षाचालक, मुलगा विश्वविक्रमवीर, आणि वय १५. माझ्याएवढा. समोरचा संघ इतका कच्चा होता की पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता, पण त्याकडे कोणाला बघायचं होतं? दोन दिवसांत लोकांनी त्याला पुढचा सचिन करून टाकलं. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मोठ्या वयोगटात धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. एका मुलाकडून एका डावानंतर अख्खं आयुष्य मागितलं गेलं, आणि ते मिळालं नाही म्हणून तोच अपयशी ठरला. त्या १००९ धावा खोट्या होत्या का? अजिबात नाही. त्या धावा त्याच्याच होत्या. त्यांच्यावर लिहिलेलं भविष्य आपलं होतं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण बहुधा अशाच एखाद्या उत्साही नातेवाइकाने काढली असावी. वैभव सूर्यवंशीसारखा मुलगा येतो आणि म्हण खरी वाटते. २८ एप्रिल २०२५ ला जयपूरला १४ वर्षांच्या वैभवने ३५ चेंडूंत शतक केलं. माझ्याहून लहान! त्या दिवसांत सुट्टीत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याबद्दल मी वैभवला माफ केलेलं नाही. पण त्याच्याबद्दलही तेच म्हणेन. त्या संध्याकाळी त्याने केलं ते अफाट होतं. २०३५ मध्ये तो काय करेल, हे त्यालाही त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं.

हा रोग फक्त क्रिकेटला किंवा फक्त आपल्याला आहे, असं समजू नका. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाची जागा असते. कडेने वाऱ्यासारखं पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू हवेत झेलायचा, एवढंच त्याचं काम. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात जेरी राइस हा नवा रिसीव्हर आला. मिसिसिपीतल्या लहानशा कॉलेजातून आलेला, गवंड्याचा मुलगा. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर झेलायचा, तिथे त्याचे हात तयार झाले असं सांगतात. पहिल्याच हंगामात त्याच्या हातून पुन्हा पुन्हा चेंडू सुटले आणि स्वतःच्याच मैदानावर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे त्याने कारकिर्दीत १५४९ झेल घेतले. त्या खेळात आजवर कोणीही इतके घेतलेले नाहीत. ज्यांनी हुर्यो उडवली, त्यांचं निरीक्षण चुकलं नव्हतं. चेंडू खरंच सुटत होते. ‘चेंडू सुटला’ इथून ‘याला झेलताच येत नाही’ इथपर्यंत त्यांनी जी उडी मारली, ती चुकली.

हीच उडी २०२५ च्या जूनमध्ये तीन दिवसांच्या आत दोनदा पाहायला मिळाली. १ जूनला मुंबईविरुद्ध, ज्यातून अंतिम फेरी ठरणार होती त्या सामन्यात, शशांक धाव घेताना ढिला पडला. हार्दिक पंड्याच्या थेट फेकीने तो धावबाद झाला. पंजाब जिंकलं, कर्णधार श्रेयस अय्यरने नाबाद ८७ धावा केल्या, आणि सामना संपल्यावर हस्तांदोलनाच्या वेळी सगळ्या जगासमोर त्याने शशांकला झापलं. ते दृश्य मी भिलाईत घरी पाहिलं. शेजारचे काका लगेच म्हणाले, ‘‘हो गया इसका. साडे पाँच करोड़ पानी में.’’ काकांच्या मते शशांकची कारकीर्द रात्री दीड वाजता आमच्या दिवाणखान्यात संपली. पुढे शशांकने स्वतःच मान्य केलं की आपण पळायला हवं तसं पळालो नाही आणि कर्णधाराचं बोलणं योग्यच होतं.

तीन तारखेला अंतिम सामना. पंजाबला शेवटच्या षटकात २९ धावा हव्या होत्या, गोलंदाज हेझलवूड. पहिल्या दोन चेंडूंवर एकही धाव नाही. मग शशांकने सहा, चार, सहा, सहा मारले. पंजाब सहा धावांनी हरलं आणि शशांक ३० चेंडूंत नाबाद ६१ वर उभा राहिला. काकांचं मत पुन्हा बदललं. आता तो भारताच्या संघात हवाच होता.

काका आणि श्रेयस यांच्यात मला फरक दिसतो, तो इथे. त्याच वर्षी २५ मार्चला गुजरातविरुद्ध श्रेयस ९७ वर होता, शेवटचं षटक शशांक खेळत होता. माझ्या शतकाची काळजी करू नकोस, तू मारत राहा, असं श्रेयसने त्याला सांगितलं. षटकात २३ धावा निघाल्या, श्रेयस ९७ वरच नाबाद राहिला आणि पंजाबने तो सामना ११ धावांनी जिंकला. म्हणजे ज्याच्यासाठी शतक सोडलं, त्यालाच सव्वादोन महिन्यांनी झापलं. चाहत्याला हे विसंगत वाटेल. मला वाटत नाही. दोन्ही वेळा कर्णधार समोर घडणाऱ्या गोष्टीबद्दलच बोलत होता. आत्ता मार. तेव्हा पळाला नाहीस. ‘तुझ्यात दम आहे की नाही’ याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, आणि दोन दिवसांनी त्याच खेळाडूला अंतिम सामन्यात उतरवलं.

आपल्या शाळेत हा विषय काढायचं कारण उघड आहे. आपल्यातल्या बहुतेकांना एक दिवस एसएसबीसमोर उभं राहायचं आहे, आणि तिथे नेमकं हेच तपासतात, म्हणजे अधिकारी होण्याची क्षमता. पण ती कशी तपासतात ते पाहा. पाच दिवस. मानसशास्त्रज्ञ लिहून घेतात, जीटीओ मैदानावर बघतात, मुलाखत घेणारे अधिकारी बोलून बघतात. तिघे आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये एकत्र बसतात. उमेदवाराच्या छातीवर नाव नसतं, चेस्ट नंबर असतो. शशांक आणि हरप्रीत यांना चेस्ट नंबर असता तर दोन्ही घोटाळे झाले नसते! आणि एवढं सगळं करून ज्याला नाकारतात, त्यालाही पुन्हा यायची मुभा असते. पहिल्या खेपेला परत पाठवलेले कितीतरी जण पुढच्या खेपेला निवडले जातात. ज्यांचं कामच क्षमता ओळखण्याचं आहे, ते लोक पाच दिवस घेतात आणि तरीही दार पूर्ण बंद करत नाहीत. आपल्या टीव्ही रूममध्ये हे काम पाच चेंडूंत होतं.

टीव्ही रूममध्येच झालं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण सहावीची नवी तुकडी येते आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठी चिकटते. हा रडका. हा खेळाडू. हा पढाकू. ड्रिलला डावा-उजवा चुकला की ‘ढ’. पहिल्या रात्री कोण रडला, यावरून तो बारावीपर्यंत कसा असेल हे ठरवणारे दादा आपल्याकडे आहेत. यंदा आंतर-हाउस ज्युनियर क्रिकेटमध्ये आमच्या हाउसच्या एका मुलाच्या हातून लाँग ऑनला सोपा झेल सुटला. उन्हात चेंडू दिसला नाही, असं तो म्हणाला. ते खरं असेल किंवा नसेलही. त्या संध्याकाळी मेसमध्ये त्याला जे नाव मिळालं, ते मी इथे लिहीत नाही. तीन आठवडे झाले, तो नेट्सला येत नाही. रोज त्याच्या पोटात दुखतं, आणि रोज फक्त चार वाजताच दुखतं.

तो चांगला खेळाडू होईल का? मला माहीत नाही. कदाचित तो क्रिकेटमध्ये साधाच असेल आणि घोडेस्वारीत सगळ्यांना मागे टाकेल. कदाचित कशातच टाकणार नाही, आणि तरी चालेल. पण तो नेट्सलाच आला नाही तर हे कोणालाच कळणार नाही, त्यालाही नाही. ठपक्याचं असंच असतं. तो स्वतःला खरं करून दाखवतो आणि मग ठपका ठेवणारे म्हणतात, बघा, आम्ही सांगितलं होतं.

पालकांनाही थोडं बोलायचं आहे, राग मानू नये. पालकभेटीच्या रविवारी मैदानाच्या कडेला उभं राहून सरांना ‘आमच्या मुलात पोटेन्शियल आहे ना?’ असं विचारणारे बाबा मी दर टर्मला पाहतो. मुलगा बाजूलाच बुटाच्या टोकाने माती उकरत असतो. सर काय सांगणार? ‘आहे, पण मेहनत कमी पडते,’ असंच सांगतात. माझ्या प्रगतिपुस्तकावर हे वाक्य तीन वर्षं आहे, शब्दही तेच, फक्त शाई बदलते. त्याऐवजी ‘या महिन्यात त्याने काय केलं?’ असं विचारलं तर सरांना काहीतरी खरं सांगता येईल, आणि मुलाचेही बूट वाचतील.

आमचे पीटीचे उस्ताद हे बरोबर करतात. नव्या मुलांची पहिली दौड झाली की वरच्या वर्गातली मुलं लगेच विचारतात, उस्ताद, यंदा क्रॉस कंट्रीला कोण चालेल? ते घड्याळाकडे बघत म्हणतात, ‘‘अभी तो पसीना भी नहीं आया. दिवाली के बाद पूछना.’’ आणि वहीत वेळ लिहितात, फक्त वेळ. मी ती वही एकदा पाहिली आहे. प्रत्येक नावापुढे आठवड्याआठवड्याचे आकडे आहेत, शेरा कुठेच नाही. ऑगस्टमध्ये शेवटून तिसरा असलेला एक मुलगा जानेवारीत पहिल्या दहात आहे. पहिल्या आठवड्यात पहिला आलेला अजूनही पहिलाच आहे. वहीला दोन्हींचं सारखंच काही वाटत नाही.

आजोबांना मी शशांकबद्दल विचारलं होतं. ते क्रिकेट फारसं बघत नाहीत. प्लांटमध्ये ते स्टील मेल्टिंग शॉपला होते. ते म्हणाले, आमच्याकडे भट्टीतल्या लोखंडाकडे काळ्या काचेतून बघून जुनी माणसं सांगायची, माल चांगला आहे. बऱ्याचदा बरोबर असायचं. तरी प्रत्येक वेळी नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि तिथून कागद आल्याशिवाय पुढचं काम नाही. मी विचारलं, जुन्या माणसांना राग नाही यायचा? आजोबा म्हणाले, ‘‘राग कशाला? त्या लोखंडाचे रूळ व्हायचे, वरून गाड्या जायच्या.’’

पुढच्या रविवारी ज्युनियर संघाची दुसरी निवड आहे. हाउस कॅप्टनना मी विनंती केली आहे की झेल सोडलेल्या त्या मुलाचं नाव यादीतून काढू नये आणि त्याला लाँग ऑनऐवजी पॉइंटला उभं करावं. संध्याकाळी तिथे ऊन डोळ्यांवर येत नाही. उस्तादांसारखी वहीही मी घातली आहे. रकाने तीनच आहेत: तारीख, किती झेल आले, किती घेतले. तो आला तर त्याच्या नावापुढे पहिला आकडा पडेल.